पालकत्वाची पद्धत उसनी घेताना

मुलं कशी वाढवावीत यावर बोलणं निघालं की दोन तट पडतात. थोडा धाक हवाच म्हणणारे एकीकडे, मुलांना मोकळं वाढू द्या म्हणणारे दुसरीकडे. दोघांच्या पदरी यशस्वी उदाहरणं असतात आणि ती खोटीही नसतात. पण धाक काय किंवा मोकळीक काय, एकटी कधीच काम करत नाही. घरात माणसं किती आहेत, मूल दिवसभर कोणाच्या नजरेसमोर असतं, मोठेपणी त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, या सगळ्यावर ती उभी असते. म्हणून एका घरात लागू पडलेला उपाय दुसऱ्या घरात सपशेल उलटतो. बाहेरून एखादी पद्धत घ्यायची असेल, मग ती परदेशातली असो किंवा आपल्याच आधीच्या पिढीतली, तर ती तिथे का चालली हे आधी पाहावं लागतं.

सगळ्यांना ठाऊक असलेल्या वर्गीकरणापासून सुरुवात करू. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960च्या दशकात अमेरिकेत बर्कली इथे बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास करून पालकत्वाच्या तीन पद्धती मांडल्या. 1983 मध्ये एलिनॉर मकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्या दोन मापांवर बसवल्या. पहिलं माप मुलाकडून किती अपेक्षा ठेवता याचं, दुसरं मुलाला किती प्रतिसाद देता याचं. दोन्ही भरपूर असेल तर ठाम पण मायाळू पद्धत. नुसत्या अपेक्षा असतील तर हुकूमशाही, नुसता प्रतिसाद असेल तर लाडावणारी. दोन्हीची वानवा असेल तर दुर्लक्षाची.

हे वर्गीकरण वाचून लोक एक चूक हमखास करतात. ठाम पण मायाळू म्हणजे कडक आणि लाडावणारे यांच्या मधलं काहीतरी, असं ते धरून चालतात. सोमवारी आरडाओरडा आणि मंगळवारी सगळं माफ, याची सरासरी मध्यम येईलही, पण मुलाच्या वाट्याला दोन्हींचे तोटे येतात. ठाम पालक नियमाच्या बाबतीत कडकच असतो. तो नियमाचं कारण सांगतो आणि मुलाची बाजू ऐकून घेतो, एवढाच त्याच्यात आणि हुकूमशाही पालकात फरक. ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. "तुला अजून खेळायचंय, ते मला कळतंय. आता झोपायची वेळ झाली," या दोन वाक्यांत दोन्ही मापं पूर्ण भरतात.

दुसरी अडचण वर्गीकरणाच्या पोटातच आहे. बॉमरिंड यांनी पाहिलेली कुटुंबं मुख्यतः गोरी, मध्यमवर्गीय अमेरिकी होती. त्या समाजात कडक नियंत्रण आणि थंडपणा बहुधा जोडीनेच दिसतात, इतरत्र तसं असेलच असं नाही. रूथ चाओ यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या आयांबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला. प्रश्नावलीवर या आया हुकूमशाही ठरत होत्या, पण त्यांच्या कडकपणामागे सततची सोबत, मुलाच्या अभ्यासात स्वतः गुंतणं आणि त्याच्यासाठी झिजणं होतं. मिठी, शाब्बासकी, "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं बोलून दाखवणं, एवढीच मायेची खूण धरली तर कृतीतून व्यक्त होणारी माया मोजणीतून निसटते.

पण यातून "आमची माया कृतीत असते" ही पळवाट काढू नये. चाओ यांनी वर्णन केलेल्या आया तासन्‌तास मुलाजवळ असत. दिवसभर कामात असलेला पालक रात्री एक तास भेटतो आणि त्या तासात फक्त अभ्यास तपासतो, चुका काढतो. तिथे कडकपणा तेवढा उसना आलेला असतो, सोबत मागे राहिलेली असते. आपलं काय चाललंय ते पाहायचं तर एक संध्याकाळ मोजदाद करा. मुलाशी बोललेली किती वाक्यं आज्ञेची, टोकण्याची किंवा चौकशीची होती आणि किती नुसत्या गप्पांची? पहिली बाजू बरीच जड निघाली तर आधी गप्पा वाढवा, नियमांना नंतर हात घाला.

मुलांकडून ठेवलेल्या अपेक्षा येतात कुठून, हा यातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. 1959 मध्ये हर्बर्ट बॅरी, आयर्विन चाइल्ड आणि मार्गारेट बेकन यांनी वेगवेगळ्या समाजांच्या नोंदींची तुलना केली. शेती आणि पशुपालनावर जगणाऱ्या समाजांत मुलांना आज्ञाधारकपणा आणि जबाबदारी शिकवण्यावर भर होता, शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्यांत स्वावलंबन आणि काहीतरी करून दाखवण्यावर. कारण सरळ आहे. गुरांच्या देखभालीत एका पोराने हलगर्जी केली तर घराची पुढची बेगमी जाते, तिथे स्वतःची टूम काढणं परवडत नाही. शिकार एक दिवस हुकली तर दुसऱ्या दिवशी वेगळी युक्ती करून पाहता येते. मेल्विन कोन यांना पुढे अमेरिकेतच असंच काही दिसलं. वरिष्ठांच्या देखरेखीखाली ठरलेलं काम करणारे वडील मुलांमध्ये सांगितलेलं ऐकण्याला अधिक मोल देत आणि स्वतःचे निर्णय घ्यावे लागणाऱ्या कामातले वडील स्वयंनिर्णयाला. थोडक्यात, आपण मुलाला आपल्या कामाच्या जगासाठी घडवत असतो, बहुतेक वेळा नकळत. त्यामुळे एखाद्या नियमावरून घरात रोजच खटके उडत असतील तर हा नियम मुलाला कुठल्या कामासाठी तयार करतो, हे स्वतःला विचारावं. उत्तर कधीकधी "माझ्या वडिलांच्या नोकरीसाठी" असं येतं.

अगदी तान्ह्या वयापासून हे सुरू होतं. केनियातल्या किप्सिगिस समाजात चार्ल्स सुपर यांनी 1970च्या दशकात केलेल्या निरीक्षणांत तिथली बाळं अमेरिकी बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसू आणि चालू लागत. ही वंशाची देणगी असावी असा आधी समज होता. सुपर यांना सराव दिसला: जमिनीत उथळ खड्डा करून, पाठीला आधार मिळेल असं कापड लावून बाळाला त्यात बसवायचं, हात धरून पावलं टाकायला लावायचं. आणि ज्याचा सराव होत नसे त्या रांगण्यात ही बाळं पुढे नव्हती. सुपर आणि सारा हार्कनेस यांनीच नेदरलँड्स आणि अमेरिका यांचीही तुलना केली. सहा महिन्यांची डच बाळं दिवसभरात सुमारे दोन तास जास्त झोपत. डच आया शांतता आणि ठरलेल्या वेळा यांना महत्त्व देत, अमेरिकी आया बाळाला खेळवण्या-बोलवण्याला. गोंधळ होतो तो दोन्ही एकदम हवं असताना. संध्याकाळी उशिरा घरी आलेला पालक बाळाला तासभर खेळवून उत्तेजित करतो आणि मग डच बाळासारखं ते पटकन झोपावं अशी अपेक्षा करतो. लवकर झोप हवी असेल तर आधीचा तासभर मंद उजेड, हळू आवाज, रोज तोच क्रम. खेळायला सकाळची वेळ ठेवा.

मुलाला वाट पाहता येते का, हे तपासणारा खाऊचा प्रयोग सर्वांना माहीत आहे: एक खाऊ समोर ठेवायचा, न खाता थांबलं तर दुसरा मिळतो. बेटिना लाम, हायडी केलर आणि सहकाऱ्यांनी तो कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या आणि जर्मनीतल्या चार वर्षांच्या मुलांवर केला. सुमारे 70 टक्के न्सो मुलं शेवटपर्यंत थांबली, जर्मन मुलांपैकी साधारण 30 टक्के. न्सो आया मोठ्यांचा मान राखणं, रडणं-चिडणं आवरणं लहानपणापासून अपेक्षित धरतात. जर्मन मध्यमवर्गीय आया मुलाच्या इच्छेला वाव देतात. हे वाचून कोणी म्हणेल, मग न्सो पद्धतच घ्या. पण त्या आया बाळ रडायच्या आधीच त्याची गरज ओळखून पुरी करतात आणि मूल बहुतेक वेळ कोणाच्या तरी अंगाखांद्यावर असतं. बाळाला एकटं ठेवून, रडू देऊन "सहन करायला शिकेल" म्हणणं याच्या अगदी उलट आहे.

आता कामाचं बोलू. बाहेरून घेण्याजोगी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी मुलांना घरकामात सामील करून घेण्याची पद्धत निवडेन. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको आणि ग्वाटेमालातल्या मूलनिवासी परंपरेच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तिथली मुलं सांगितल्याशिवाय घरातली कामं उचलतात, आणि दुसऱ्याला शिकवलं जात असतानाही बाजूला बसून लक्षपूर्वक पाहतात. मोठ्यांचं काम चालतं तिथे त्यांना पहिल्यापासून मज्जाव नसतो. ज्या घरांत मुलांसाठी वेगळी खोली, वेगळी खेळणी आणि वेगळे वर्ग असतात तिथे पाहून शिकायला समोर काही नसतंच. दोन वर्षांच्या मुलाला "तू जा, खेळ" म्हणून हाकलायचं आणि आठव्या वर्षी "घरातली काडी हलवत नाही" म्हणून बोल लावायचा, हे बहुतेक घरांत चालतं.

सुरुवात दीड-दोन वर्षांपासून करता येते. त्या वयात मदतीची हौस आपसूक असते. कपड्यांच्या घड्या करताना मुलाला शेजारी बसवा आणि एकच खरा तुकडा द्या, म्हणजे मोज्यांच्या जोड्या लावणं. खरा म्हणजे तो न झाल्यास काम अडेल असा. खोटं काम मुलं चटकन ओळखतात. या सगळ्यात दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात. ती नसतील त्या दिवशी सरळ सांगा की आज घाई आहे, उद्या करू, पण हे रोजचं होऊ देऊ नका. मुलाने लावलेल्या चुकीच्या जोड्या त्याच्यादेखत सुधारू नका. जी गोष्ट चुकली तर खरंच बिघडते तेवढीच दाखवा, तीही "बघ, याचा रंग कुठे जुळतोय?" एवढंच म्हणून. चार-पाच वर्षांच्या मुलाला झाडांना पाणी घालण्यासारखं रोजचं छोटं काम पूर्ण सोपवता येतं. सात-आठच्या पुढे कामाची सुरुवात, शेवट आणि साहित्य जागेवर ठेवणं हे सगळं त्याचंच.

इथे बक्षिसाचा मोह टाळा. फेलिक्स वार्नेकन आणि मायकल टोमासेलो यांनी 2008 मध्ये दाखवलं की मदतीबद्दल वस्तू मिळालेली 20 महिन्यांची मुलं नंतर आपणहून कमी मदत करतात. "तुझ्यामुळे लवकर झालं" एवढं पुरे.

सूचना देण्याची एक रीत मात्र मी सरसकट कुठल्याही घराला सांगेन, कारण ती संस्कृतीपेक्षा लक्ष वेधण्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगू नका. हाताच्या अंतरावर जा, मुलाच्या उंचीला वाका, नाव घ्या आणि एकाच गोष्टीची सूचना द्या: "पेन्सिली डब्यात ठेव." "ठेवतोस का?" असं विचारलं तर "नाही" हे उत्तर स्वीकारावं लागेल. "नीट वाग" म्हणजे काय ते लहान मुलाला कळत नाही. सांगून झाल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजा, गप्प राहा. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्याच आकड्याला पुन्हा सांगतात, तिसऱ्यांदा आवाज चढवतात आणि मूल शिकतं की आवाज चढेपर्यंत थांबायला हरकत नाही. पाच आकड्यांत हालचाल झाली तर नेमकं कौतुक करा: "सांगितल्याबरोबर पेन्सिली ठेवल्या, छान." झाली नाही तर एकच इशारा, म्हणजे न ऐकल्यास काय होईल ते सांगायचं, आणि मग तेच करायचं. म्हणून परिणाम छोटा आणि लगेच करता येण्यासारखा निवडा. "महिनाभर खेळणं बंद" हे दुसऱ्या दिवशी तुम्हीच मोडाल.

नजर रोखण्याचा आग्रह मात्र धरू नका. मोठ्यांच्या डोळ्यांत बघणं काही घरांत आदराचं, काही घरांत उर्मटपणाचं लक्षण मानतात. मुलाने सूचना ऐकली हे त्याच्या तोंडून परत म्हणवून घेतलं तरी कळतं.

हट्टाची गोष्ट वेगळी. जेराल्ड पॅटरसन यांनी ऑरेगनमध्ये घराघरांतली भांडणं क्षणाक्षणाने नोंदवली आणि एक चक्र दाखवलं. पालक नाही म्हणतो, मूल आवाज चढवतं, पालक थकून हो म्हणतो. मुलाला हवं ते मिळालं, पालकाला शांतता मिळाली, आणि दोघंही पुढच्या वेळी तेच करायला शिकले. दहातून एकदा दिलं तरी हट्ट टिकतो. उलट अधूनमधून मिळणाऱ्या यशाने तो जास्त चिवट होतो. म्हणून हो म्हणायचंच असेल तर पहिल्या मागणीलाच म्हणा, भोकाड पसरल्यानंतर नाही. आणि देणं बंद केलं की पहिले काही दिवस आकांडतांडव वाढतं. हे ठाऊक नसल्याने लोक नेमके त्याच टप्प्यावर "ही पद्धत आमच्याकडे चालत नाही" म्हणून सोडून देतात. त्या क्षणी सोडलं तर मूल एवढंच शिकतं की आता आणखी जोरात रडावं लागेल. सार्वजनिक ठिकाणी किंवा पाहुण्यांसमोर तुम्हाला टिकता येणार नसेल तर तिथे सुरुवातच करू नका. आधी घरात बसवा.

मारण्याबद्दल "आमच्याकडे सगळेच मारतात, काही बिघडत नाही" हा युक्तिवाद संस्कृतीच्या नावावर खपवला जातो. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारणं जिथे सर्रास चालतं तिथे त्याचा आक्रमकपणाशी आणि चिंतेशी असलेला संबंध काहीसा सौम्य होता, पण होताच. व्यवहारातही मारण्याची खोट उघड आहे. फटक्याने वागणं त्या क्षणी थांबतं, म्हणून मारणाऱ्याला वाटतं उपाय लागू पडला. मूल मात्र मारणारा आसपास नसताना काय करावं हे शिकत नाही, आणि हळूहळू तेवढाच परिणाम व्हायला फटका मोठा लागतो. स्वीडनने 1979 मध्ये मुलांना मारण्यावर पूर्ण बंदी घातली, आणि कायद्यासोबत घराघरांत पत्रकं पोचवली, दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली. मारणं थांबवून त्या जागी काहीच न ठेवणाऱ्या घरात लवकरच ओरडणं सुरू होतं. म्हणून आधी वर सांगितलेली सूचनांची रीत बसवा.

राहता राहिला प्रश्न एकाच घरात दोन-तीन पद्धती असण्याचा. आजी-आजोबा एक म्हणतात, आईवडील दुसरं, पाळणाघरात तिसरंच. "सगळ्यांनी एकसारखं वागलंच पाहिजे" हा सल्ला मला फारसा पटत नाही, कारण तो पाळणं जवळपास अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. आजोबांजवळ गोष्ट दोनदा मिळते, आईजवळ एकदाच, हे मूल बिनबोभाट शिकतं. एकाने नाही म्हटलेलं दुसऱ्याने त्याच क्षणी हो करणं मात्र बाधतं. तेव्हा मूल नियम सोडून भांडण कुठे लावायचं तेवढं शिकतं.

यावर निघणारा तोडगा साधा आहे. सगळ्या मोठ्यांनी मिळून न मोडण्याचे नियम ठरवा, तीन किंवा फार तर चार: सुरक्षिततेचा एक, मारामारीचा एक, झोपेचा एक. बाकी सगळं त्या वेळी मुलाजवळ जो असेल त्याच्या हाती सोडा आणि त्याचा निर्णय दुसऱ्याने मुलादेखत फिरवायचा नाही. पटला नाही तर मूल झोपल्यावर बोला. घरातल्या वडीलधाऱ्यांना "डॉक्टर असं म्हणतात" किंवा "आता असं नसतं" म्हणून सांगितलं तर ते दुखावतात आणि नियम मोडतात. त्याऐवजी अडचण मांडून त्यांनाच विचारलं, "रात्री अकरापर्यंत जागतो आणि सकाळी उठता उठत नाही, काय करू या?" तर निघालेल्या उत्तरात त्यांचा वाटा असतो आणि ते उत्तर पाळलं जाण्याची शक्यता बरीच वाढते. ठरलेले नियम तोंडी न ठेवता लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला लावा. मुलाला दाखवायला नव्हे, मोठ्यांनाच लागतात.